अकरा हजार पाचशे रुपये आणि एकच खरं पोळं

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, मयेच्या बाजूला. कौलारू घर, पुढे सोपा, मागे पडवी, पडवीला लागून लाकूडफाटा ठेवायचा मांगर. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. आई पंचाहत्तरीची. मी नोकरीला फोंड्याला, सकाळी सातला निघते ती संध्याकाळी साडेसहाला घरात. हे आधी सांगते, कारण गांधीलमाश्यांचं पोळं काढायच्या नावाखाली ज्याने आम्हाला फसवलं त्याने फोनवर पोळ्याबद्दल फारसं काही विचारलंच नाही. दिवसा घरी कोण असतं, हे मात्र दोनदा विचारलं. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

जुलैच्या पावसात मांगराच्या वाशाला लिंबाएवढं राखाडी काहीतरी लटकलेलं मी पाहिलं होतं. चवथीच्या साफसफाईत ते नारळाएवढं झालं होतं, आणि ऑक्टोबर उजाडला तेव्हा भोपळ्याएवढं. वरून कागदासारखं, शिंपल्यावर असतात तशा करड्या-तपकिरी लाटांचं, खाली बाजूला एकच भोक. त्यातून काळ्या, पोटावर नारिंगी पट्टा असलेल्या गांधीलमाश्या ये-जा करत. लाकूड चावून, लाळेत कालवून त्या हा कागद तयार करतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त भीती वाटत होती, कारण आईची जास्वंद त्या मांगराच्या कोपऱ्यालाच आहे आणि पूजेची फुलं काढायला ती रोज सकाळी तिथे जाते.

मी मोबाइलवर शोधलं आणि जो नंबर सगळ्यात वर आला त्यावर फोन केला. माणूस गोड बोलणारा, मराठी स्वच्छ. ‘पाचशेपासून सुरू होतं ताई, पाहिल्याशिवाय नक्की सांगणार नाही.’ दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला येतो म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळी या, मी असेन. तर म्हणे, संध्याकाळी माश्या चवताळतात, दुपारी त्या सुस्त असतात. हे धादांत खोटं होतं. दुपारी निम्म्या माश्या बाहेर फिरत असतात, अंधार पडला की सगळ्या पोळ्यात परततात. म्हणून हे काम अंधार पडल्यावर करतात. मला एवढं एक माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सव्वाबाराला आईचा फोन. आवाज कापत होता. ‘अगं, हा म्हणतो सात पोळी आहेत. एक खिडकीच्या चौकटीवर, एक देवघराच्या मागे...’ मग त्याने फोन घेतला. ‘ताई, आजी एकट्या असतात, मी घाबरवत नाही, पण राणी जिवंत राहिली तर दिवाळीपर्यंत घरात राहता येणार नाही.’ त्याने फोटो पाठवले. सगळे इतक्या जवळून काढलेले की वस्तू केवढी आहे याचा अंदाजच येऊ नये. मातीचे ओबडधोबड गोळे, त्यांना भोकं. एका पोळ्याचे दीड हजार, असे साडेदहा हजार, औषधाचे अठराशे वेगळे, एकूण बारा हजार तीनशे. आजींकडे बघून आठशे सोडतो म्हणाला. आईने कपाटातले चार हजार रोख दिले. उरलेले साडेसात हजार मी ऑफिसात बसून यूपीआयने पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळंच दिसलं. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे. मी बटण दाबलं. तिकडे आई घाबरलेली, इकडे साहेबांसमोर फाइल उघडी, आणि तो लाइनवर थांबलेला.

त्याने काय केलं ते आईने सांगितलं. अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट. लेबल सोलून काढलेल्या बाटलीतलं दुधासारखं औषध पंपात ओतलं. भिंतीवरचे मातीचे सहा गोळे पत्र्याच्या पट्टीने खरवडले आणि पडवीच्या कोपऱ्यात लोटले. मांगरातल्या खऱ्या पोळ्यावर लांबूनच एक पिचकारी मारली, माश्या उठल्या तसा धावत आत आला, दारं लावून घ्यायला सांगितली. ‘रात्रीपर्यंत सगळ्या मरतील.’ स्वयंपाकघरातली भांडी झाकायला सांगितलं नाही. पंप मात्र आमच्या विहिरीच्या कठड्यावर खंगाळला. पुढचे कित्येक दिवस आम्ही त्या विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नाही. जाताना एका चिठ्ठीवर ‘1 वर्ष वॉरंटी’ लिहून दिलं. ना नाव, ना पत्ता, ना शिक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फुलं काढायला गेली. पोळं तिथेच होतं आणि माश्या डिवचलेल्या होत्या. उजव्या हाताला तीन डंख. मधमाशी एकदा चावली की तिचा काटा आपल्या कातडीत तुटून राहतो. गांधील काटा सोडत नाही, तीच माशी पुन्हा पुन्हा मारते. बघता बघता हात कोपरापर्यंत सुजला. शेजारीण चुना घेऊन धावली, पण मी गाडी काढली आणि आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तासभर बसवून ठेवलं, थंड पाण्याच्या पट्ट्या आणि गोळ्या दिल्या. म्हणाले, नुसती जागा सुजली तर घाबरू नका. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा चक्कर आली तर एक मिनिटही घरगुती उपायात घालवायचं नाही, 108 ला फोन करायचा. एकदम खूप माश्या चावल्या तर मूत्रपिंडांवरही परिणाम होतो, तेव्हा बरं वाटत असलं तरी दाखवायला जायचंच. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

त्या माणसाचा फोन बंद.

तिसऱ्या दिवशी आमचा नेहमीचा पाडेली नारळ पाडायला आला. माडावर रोज चढणारा माणूस, गांधील त्याच्याइतकी कोण ओळखणार? कोपऱ्यातला मातीचा ढीग बघून तो खाली बसला. ‘बाय, ही कुंभारीण. ही किदेंच करची ना.’ म्हणजे मातीचं घर बांधणारी गांधील, ती काहीच करणार नाही. त्याने एक ढेकूळ उचललं आणि अंगठ्याने फोडलं. आत बोटाएवढ्या नळ्या, एकीला एक चिकटलेल्या, आतून गुळगुळीत. प्रत्येक नळीत बारीक कोळी ठासून भरलेले. हिरवट, तपकिरी, पाय पोटाशी घेतलेले, मेल्यासारखे पण सडलेले नाहीत. एका नळीत कोळ्यांच्या मधोमध पांढुरकी अळी. कुंभारीण कोळ्याला नांगी मारून लुळं करते, नळीत भरते, त्यावर अंडं घालते आणि तोंड मातीने लिंपून निघून जाते. ती एकटी राहते. तिचं सैन्य नसतं, ती घर राखत बसत नाही, मुद्दाम धरली-दाबली नाही तर माणसाच्या वाटेला जात नाही. दोन ढेकळांना तर गोल भोकं पडलेली होती, म्हणजे आतली पिल्लं केव्हाच उडून गेली होती. रिकाम्या मातीचे आम्ही दीड-दीड हजार मोजले. आई बराच वेळ ते कोळी बघत होती. ‘बिचारीचं घर मोडलं गं आपण,’ एवढंच म्हणाली.

मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. पैसे गेले ते गेलेच. पण ज्यापासून काही धोका नव्हता ते त्याने मोडलं, आणि ज्यात जीव जाऊ शकतो ते डिवचून तसंच सोडून गेला, घरात म्हातारी बाई एकटी आहे हे माहीत असताना.

मग मी नीट चौकशी केली. पैसे घेऊन घराघरांत कीटकनाशक मारायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो आणि तो राज्याचं कृषी खातं देतं. आपल्याकडे कृषी संचालनालय करंजाळेला, टोंका इथे आहे. परवाना दाखवा म्हटल्यावर खरा माणूस चिडत नाही. औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लेबल सोललेली बाटली दिसली की तिथेच काम थांबवायचं. डायक्लोरव्हॉससारखी एकेकाळी घराघरांत वापरली जाणारी औषधं आता वापरायला बंदी आहे, 2020 संपल्यापासून. आमच्या घरात काय मारलं हे आम्हाला आजही माहीत नाही.

दुसरा माणूस आला तो परवान्याची प्रत घेऊनच. आधी फोटो मागवले, शेजारी पट्टी नाहीतर काडेपेटी ठेवून, आणि पोळं कागदी आहे की मातीचं हे विचारलं. मेणाचं असेल तर मधमाश्या आहेत, त्या मारत नाही म्हणाला, त्यासाठी मोहोळ काढणारे वेगळे असतात. काळोख पडल्यावर आला, पूर्ण अंगभर पोशाख, लाल उजेडाची बॅटरी, पोळ्याच्या भोकात पावडर. आम्हाला आत थांबवलं, शेजाऱ्यांनाही सांगून आला. दोन दिवसांनी पोळं उतरवून नेलं. अडीच हजार घेतले, तेही उतरवल्यावर. विहिरीकडे तो फिरकलासुद्धा नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा. मी तिसऱ्या दिवशी केला. पहिल्या काही तासांत केला असता तर रक्कम खात्यात अडवता आली असती, असं मला सांगितलं गेलं. ग्राहक म्हणून तक्रार करायची तर 1915 आहे. पोलीस स्टेशनलाही लेखी दिलं आहे. चिठ्ठी, फोटो आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जोडला. रोख दिलेल्या चार हजारांचा मात्र काहीच पुरावा नाही.

काल पुन्हा शोधून पाहिलं. तोच नंबर आता दुसऱ्या नावाने दिसतो आहे, वर ‘पेडणे ते काणकोण, चोवीस तास सेवा’. आईच्या हाताची सूज उतरली आहे, पण जास्वंदीची फुलं अजून मीच काढते, सातच्या आधी.