राणीच्या बागेतील घराणी: ठाण्याहून जाणाऱ्या प्रेक्षकांसाठी एक परीक्षण

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालयाविषयी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेविषयी, जे लिहिले जाते ते बहुधा तिकीट, गर्दी, झाडांची सावली आणि मुलांना काय आवडले एवढ्यावर थांबते. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ या पट्ट्यात मात्र असेही बरेच लोक आहेत, जे बागेत जातात ते प्राण्यांच्या कुटुंबांसाठी. कोणत्या जोडीला पिल्लू झाले, नवा प्राणी कोणत्या शहरातून आला, त्याच्या बदल्यात येथून काय पाठवले गेले, जुना पिंजरा पाडून त्या जागी काय बांधले, याचा ते वर्षानुवर्षे माग ठेवतात. मी त्यांच्यापैकीच एक आहे आणि हे परीक्षण त्यांच्यासाठी लिहीत आहे. प्राण्यांच्या घराण्यांचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाला मुंबई परिसरात राणीच्या बागेइतके समृद्ध ठिकाण दुसरे नाही, असे माझे मत आहे. त्याच मताचा दुसरा भाग असा, की पिल्लांच्या जन्माची बातमी जितक्या आनंदाने दिली जाते, तितक्याच मोकळेपणाने वंशाचा हिशेबही लोकांपुढे यायला हवा.

सुरुवात पेंग्विनांपासूनच करावी लागते. 26 जुलै 2016 रोजी दक्षिण कोरियातील सेऊलहून आठ हंबोल्ट पेंग्विन येथे आणले गेले. त्यांत तीन नर आणि पाच माद्या होत्या. डोरी ही मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिवाणूसंसर्गाने दगावली आणि डोनाल्ड, डेझी, पॉपाय, ऑलिव्ह, मोल्ट, फ्लिपर आणि बबल असे सात उरले. मार्च 2017 मध्ये पेंग्विन कक्ष लोकांसाठी खुला झाला. 15 ऑगस्ट 2018 रोजी फ्लिपर आणि मोल्ट यांच्या अंड्यातून पिल्लू बाहेर आले. भारतात जन्मलेले ते पहिले पेंग्विन. ते आठवडाभरच जगले. ज्यांनी त्या आठवड्यात रोजच्या रोज बातमी शोधली, त्यांना पुढच्या यशाचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. 1 मे 2021 रोजी डोनाल्ड आणि डेझी यांना ओरिओ झाला, त्याच वर्षी 19 ऑगस्टला मोल्ट आणि फ्लिपर यांना ऑस्कर झाला, आणि त्यानंतर पिल्ले जगण्याचा क्रम असा बसला की 2025 साली पेंग्विनांची संख्या वीसच्या पुढे गेली. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, जगभरात संख्या घटत चाललेला हा पक्षी भायखळ्याच्या उकाड्यात 16 ते 18 अंश तापमानाच्या कक्षात नुसता तगून न राहता पिढी वाढवतो, यामागे तेथील डॉक्टरांचे आणि प्राणिपालांचे रात्रंदिवस कष्ट आहेत, आणि त्यांचे कौतुक हातचे न राखता करायला हवे.

काचेसमोर उभे राहून नेमके काय पाहावे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण रांग पुढे सरकत असताना वेळ कमी मिळतो. हंबोल्ट पेंग्विनांत नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. लिंग खात्रीने ठरवायचे तर रक्ताची किंवा पिसाची डीएनए चाचणी करावी लागते. त्यामुळे आकारावरून ‘हा नर असणार’ असे मुलांना सांगण्याचा मोह टाळावा. वय मात्र ओळखता येते. प्रौढ पक्ष्याच्या पांढऱ्या छातीवर घोड्याच्या नालासारखा काळा पट्टा असतो. पहिल्या पिसाऱ्यातल्या पिल्लाला तो नसतो, त्याचे डोके आणि मान करड्या-तपकिरी रंगाची दिसते. छातीवरचे काळे ठिपके प्रत्येक पक्ष्याचे वेगळे असतात आणि सवयीने त्यांवरून पक्षी ओळखता येतो. एखादा पेंग्विन फुगलेला, विस्कटलेला, पाण्यापासून दूर उभा दिसला तर तो आजारी आहे असे लगेच समजू नये. वर्षातून एकदा सगळी पिसे गळून नवी येतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात पक्षी पाण्यात उतरत नाही. मादी बहुधा दोन अंडी घालते, साधारण चाळीस दिवस दोघे आळीपाळीने ती उबवतात. घरट्याच्या बिळाशी दोघांची अदलाबदल होताना पाहायला मिळाली, तर फेरी सार्थकी लागली असे समजावे.

आता हिशेबाकडे येतो. सात पक्ष्यांवर उभी राहिलेली ही वसाहत आहे आणि त्या सातांत नर तीनच होते. हे सातही एकमेकांचे नातलग नाहीत असे धरले आणि जोड्या पक्क्या राहिल्या, तरी एका जोडीची सगळी पिल्ले सख्खी भावंडे होतात. दोन वेगवेगळ्या जोड्यांची पिल्ले आपापसांत जुळली, तर त्या पिढीपुरते काही बिघडत नाही. त्यापुढच्या पिढीत मात्र आते-मामे, चुलत आणि मावस भावंडांखेरीज जोडीदार उरत नाही, आणि अशा जोडीच्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेली जनुकाची तीच प्रत आई आणि बाप दोघांकडून मिळण्याची शक्यता, किमान एक सोळांश येतो. सख्ख्या भावंडांची जोडी जमली तर तो एक चतुर्थांशावर जातो. पेंग्विन तीन-चार वर्षांत वयात येतात, म्हणजे 2021 ची पिल्ले आजच त्या टप्प्यावर पोहोचली आहेत. म्हणून यापुढे राणीच्या बागेतील पेंग्विनांकडे पाहताना ‘आता किती झाले’ यापेक्षा ‘कोण कोणाशी जुळले आणि बाहेरचे रक्त केव्हा येणार’ हे प्रश्न मोठे आहेत. जगभरातील प्राणिसंग्रहालये अशा वेळी काही अंडी काढून त्या जागी खोटी अंडी ठेवतात, भावंडांना वेगळे करतात, पक्ष्यांची दुसऱ्या संस्थांशी देवाणघेवाण करतात. यांतले काहीही क्रूर नाही. पिल्लू होऊ न देणे हासुद्धा प्रजनन योजनेचाच भाग असतो, आणि ते प्रेक्षकांना नीट सांगितले तर त्यांना समजते, असा माझा ठाम विश्वास आहे.

हा प्रश्न जगाला नवा नाही. युरोपीय गव्यासाठी म्हणजे बायसनसाठी वंशनोंदवही 1932 साली छापली गेली, ती याच कारणाने: मूठभर बंदिस्त प्राण्यांतून सगळी जात पुन्हा उभी करायची होती. अमेरिकेने 1981 मध्ये आणि युरोपने 1985 मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या सामाईक प्रजनन योजना सुरू केल्या. शंभर वर्षांनंतरही मूळच्या जनुकीय विविधतेपैकी 90 टक्के टिकावी, असे ध्येय त्या क्षेत्रात सर्रास मानले जाते. आपल्याकडचे उलट उदाहरण पांढऱ्या वाघांचे आहे. 1951 साली रेवा संस्थानात पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघाची जोडी पुढे त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावली गेली आणि 1958 साली त्यांना पांढरे बछडे झाले. त्या काळी जगभर वाहवा झाली. त्या वंशातल्या पुढच्या पिढ्यांनी तिरळे डोळे, व्यंगे आणि अकाली मृत्यू भोगले. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर झाल्याचे लक्षात आले, तेव्हा ते प्रजनन थांबवून त्या सिंहांना म्हातारपणी आपोआप संपू द्यावे लागले. नोंदवही नीट ठेवली नाही तर किंमत प्राण्यांना मोजावी लागते.

वाघांकडे वळतो. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये जिमी ही सिंहीण दगावली आणि बागेत सिंह किंवा वाघ असा एकही मोठा शिकारी प्राणी उरला नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली. त्या बदल्यात येथून चितळ आणि चित्रबलाक तिकडे गेले. 14 नोव्हेंबर 2021 रोजी करिश्माला वीरा झाली. सिद्धार्थ उद्यानाने इतरही ठिकाणी वाघ दिलेले आहेत, त्यामुळे भायखळ्याच्या वाघांचे नातलग आणखी कोणकोणत्या शहरांत आहेत, हे शोधणे फार गोडीचे काम आहे आणि वीराच्या भावी जोडीदाराच्या दृष्टीने ते महत्त्वाचेही आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये शक्ती मरण पावला. कुटुंबाचा माग ठेवणाऱ्याला अशी बातमी जवळच्या माणसाच्या बातमीसारखी लागते, आणि म्हणूनच मृत्यूचे कारण, शवविच्छेदनाचा निष्कर्ष आणि मागे राहिलेल्या वाघांची पुढची व्यवस्था हे सगळे जन्माच्या बातमीइतक्याच ठळकपणे कोणत्याही प्राणिसंग्रहालयाने सांगितले पाहिजे, असे मला वाटते.

प्राण्यांच्या जागांमध्ये झालेला बदल डोळ्यांत भरणारा आहे. ज्यांनी लोखंडी गजांचे जुने पिंजरे पाहिले आहेत, त्यांना काचेपलीकडची झाडी, पाणवठा आणि उंचसखल जमीन पाहून समाधान वाटेल. 2020 च्या आरंभी खुला झालेला मुक्त पक्षी विहार मला सर्वांत आवडतो. त्यात आपणच जाळीच्या आत शिरतो, पक्षी डोक्यावरून जातात आणि घरट्यांच्या काड्या कोण कोठून उचलतो हेही दिसते. मगरींना पाण्याखालून पाहण्याची सोयही चांगली आहे. एक गोष्ट येथे आवर्जून नोंदवतो. नव्या जागेत प्राणी लपू शकतो, आणि तो लपू शकला पाहिजे. दहा मिनिटे वाघ दिसला नाही म्हणून जागा वाईट ठरत नाही. लपायला आडोसा नसलेल्या जागी पिल्ले होण्याची आणि जगण्याची शक्यताच कमी असते.

ठाणेकरांपुढे दुसरा पर्याय संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, आणि येऊरच्या बाजूने ते तर आपल्या उंबऱ्याशी आहे. मात्र तेथील बंदिस्त वाघ-सिंहांची सफारी पाहायला घोडबंदर मार्गे बोरिवलीच्या दारातूनच जावे लागते. प्रजनन योजना समजून घ्यायला ती फार उपयोगी आहे. सुलतान हा वाघ 2019 च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाड्याहून खास प्रजननासाठी आणला होता. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये जुनागडच्या सक्करबागेतून मानस आणि मानसी ही सिंहांची जोडी आली आणि बजरंग व दुर्गा हे वाघ तिकडे गेले. जानेवारी 2025 मध्ये मानसीला छावा झाला. सफारीत फिरत्या वाहनातून पाहायचे असल्याने एकाच प्राण्यापुढे थांबून निरीक्षण करणे साधत नाही, म्हणून या एका बाबतीत मी राणीच्या बागेला वरचे स्थान देतो.

बातम्यांवर विसंबायचे नसेल त्यांनी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची वार्षिक प्राणिगणना वाचायला शिकावे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली 1992 साली हे प्राधिकरण स्थापन झाले आणि मान्यताप्राप्त प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला त्याच्याकडे प्राण्यांचा हिशेब द्यावा लागतो. त्यात वर्षारंभीची शिल्लक, जन्म, आलेले, गेलेले, मृत आणि वर्षअखेरची शिल्लक असे रकाने असतात, आणि प्रत्येक ठिकाणी नर, मादी व लिंग न ठरलेले असे तीन आकडे येतात. 2.3.1 असे लिहिलेले दिसले तर दोन नर, तीन माद्या आणि एक अनिश्चित असे वाचावे. लागोपाठच्या वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले, की ज्याची बातमी झालीच नाही असे कितीतरी कळते. चितळांसारखा भराभर वाढणारा प्राणी कसा आवरला जातो, कोणती जात एकट्या म्हाताऱ्या मादीपर्यंत येऊन थांबली आहे, कोणत्या जातीत जोडीच उरलेली नाही, हे सगळे त्या आकड्यांत असते. माझी बागेकडून अपेक्षा एवढीच, की हाच हिशेब सोप्या वंशावळीच्या रूपाने पेंग्विन कक्षाच्या आणि वाघांच्या काचेशेजारी असावा: आईबापांची नावे, जन्मतारीख, आला कोठून, गेला कोठे. शाळेच्या सहलीतील दहा वर्षांच्या मुलालाही असा फलक वाचता येतो.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. ठाण्याहून मध्य रेल्वेने थेट भायखळ्याला उतरून पूर्वेकडून चालत जाता येते. नवी मुंबईकरांनी हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत येऊन तेथे गाडी बदलावी, कारण हार्बरची गाडी भायखळ्याला जात नाही. ऐरोली-घणसोलीच्या लोकांना ठाण्याला येऊन गाडी बदलणे सोयीचे पडते. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. 2017 साली ठरलेल्या दरांनुसार प्रौढांना 50 रुपये, मुलांना 25 रुपये आणि आईवडील व दोन मुलांच्या कुटुंबाला एकत्र 100 रुपये असे तिकीट आहे, आणि इतक्या पैशांत एवढे पाहायला देणारी जागा मुंबईत क्वचितच सापडेल. सुट्टीच्या दिवशी पेंग्विन कक्षात थांबू दिले जात नाही हे गर्दी पाहता योग्यच आहे, म्हणून निरीक्षणासाठी जाणाऱ्याने बुधवार सोडून कामाचा एखादा दिवस आणि सकाळची वेळ निवडावी, आधी पेंग्विन, मग वाघ, आणि उन्हे चढल्यावर मुक्त पक्षी विहार असा क्रम ठेवावा. सोबत लहान वही असू द्यावी. कोणता पक्षी कोणाशेजारी उभा होता, कोणते बीळ कोणाच्या ताब्यात होते, एवढे तारखेसह लिहिले, तर पुढच्या फेरीत जोडी टिकली की बदलली ते स्वतःच ताडून पाहता येते.