दहा महिने ‘आय अ‍ॅम सॅम’ची सीडी ऐकल्यानंतर

आधी निकाल सांगतो. ‘आय अ‍ॅम सॅम’ या चित्रपटाच्या साउंडट्रॅकवर बीटल्स या इंग्लिश बँडची गाणी दुसऱ्या कलाकारांनी गायली आहेत. त्या १७ गाण्यांपैकी ४ माझ्याजवळ कायमची राहतील. बाकीची वाईट नाहीत, पण त्यांनी माझी निराशा केली. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

चित्रपट २००१ सालचा. मी तो गेल्या वर्षी पाहिला. शॉन पेनने साकारलेला सॅम बुद्धीने सात वर्षांच्या मुलाएवढा. जगातली कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर त्याला बीटल्सचाच आधार लागतो. मुलीचं नावही त्याने लूसी डायमंड ठेवलंय. तिचा ताबा मिळवण्यासाठी तो कोर्टात धडपडतो ते पाहताना मला रडू आवरलं नाही. पडद्यावर गाणी वाजत होती तेव्हा ती बीटल्सच्या आवाजात नाहीत, हे मला खटकलंही नाही. दुसऱ्याच आठवड्यात जुन्या सीडी विकणाऱ्या एकाकडे साउंडट्रॅक मिळाला, तो घेऊन टाकला. तेव्हापासून ती सीडी गाडीत आहे. कामावर जाता-येता रोजचा दीड तास.

पहिले तीन आठवडे मजेत गेले. एडी व्हेडर, शेरिल क्रो, बेन हार्पर, निक केव्ह, रूफस वेनराइट अशी नावं एकाच सीडीवर कुठे मिळतात? रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, वाद्यं नीट ऐकू येतात, गाडीच्या साध्या स्पीकरवरही आवाज फाटत नाही. दुसऱ्या महिन्यापासून मात्र माझा हात आपोआप पुढच्या ट्रॅकच्या बटणाकडे जायला लागला. गाणं सुरू झालं की पहिल्या अर्ध्या मिनिटातच वाटायचं, हे सगळं आपल्याला माहीत आहे.

‘ब्लॅकबर्ड’चं उदाहरण देतो, कारण ते गाणं माझ्या बोटांत आहे. गिटारवर अंगठा आणि तर्जनीने दोन तारा चिमटीत धराव्यात तशा छेडायच्या, आणि मधली जी ची तार सतत मोकळी वाजती ठेवायची. ती तार तंबोऱ्यासारखी गुणगुणत राहते. जून १९६८ मध्ये बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने हे एकट्यानेच रेकॉर्ड केलं. हेडफोन लावून ऐकलंत तर खाली पायाचा ठेका ऐकू येतो. टप टप, टप टप. तो मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, आहे असं अनेकांना वाटतं, पण तो त्याचा पाय आहे. खोलीत एक माणूस बसलाय, हे त्या पायामुळे कळतं. या सीडीवर हे गाणं सारा मॅक्लॅकलनने गायलंय. आवाज रेशमी, सूर पक्का, बोट ठेवायला कुठे जागा नाही. तरी दहा महिने ऐकूनही त्या खोलीत कुणी बसलंय असं मला एकदाही वाटलं नाही.

मग मला कारण कळलं. चित्रपटात मूळ बीटल्सची रेकॉर्डिंग्ज वापरायचा बेत होता आणि चित्रपट त्या रेकॉर्डिंग्जवरच बेतला गेला होता. पुढे त्यांचे हक्क मिळाले नाहीत. तेव्हा या कलाकारांना गाणी नव्याने गायला सांगितली, पण अट अशी की लय मूळ गाण्याचीच हवी, नाहीतर दृश्यांशी मेळ बसणार नाही. म्हणजे गळा तुमचा, वाद्यं तुमची, श्वास मात्र दुसऱ्याचा.

हे कळल्यावर माझा राग गायकांवरून उतरला. उलट वाईट वाटलं. कारण दुसऱ्याचं गाणं आपलं करायचं तर पहिला हात लयीलाच घालावा लागतो. इंग्लिश गायक जो कॉकरने १९६८ मध्ये बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ गायलं तेव्हा त्याने चार मात्रांचं ते टुमदार गाणं संथ केलं, सहाच्या झोक्यावर टाकलं आणि त्यातून आर्त हाक काढली. बीटल्सचा ड्रमर रिंगोने गायलेलं मूळ गाणं तिथे आठवतही नाही. आपल्याकडे कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गायली तेव्हा नाव काय दिलं? ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यातला ‘मला उमजलेले’ हा भागच या साउंडट्रॅकमधून काढून घेतलेला आहे.

सगळ्यात जास्त हळहळ ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ची वाटते. मूळ गाणं म्हणजे १९६६ च्या अखेरीस केलेल्या दोन वेगवेगळ्या रेकॉर्डिंग्जचा जोड आहे. दोन्हींची लय वेगळी, पट्टीही वेगळी. बीटल्सच्या जॉन लेननला एकाची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग कमी-जास्त करून पहिल्या मिनिटाच्या आसपास सांधा जुळवला. गाण्याची ती झोपेत चालल्यासारखी गती टेप मशीनमधून आली. बेन हार्परसारख्या जातिवंत वादकाला त्या गतीशी बांधून घ्यायचं, हा मला अन्याय वाटतो. गाणं त्याच्या हातात अवघडून बसल्यासारखं वाटतं.

‘गोल्डन स्लंबर्स’ची गोष्ट घरातली आहे. माझी आठ वर्षांची मुलगी बीटल्सचा ‘अ‍ॅबी रोड’ हा अल्बम ऐकत वाढली. तिथे हे दीड मिनिटाचं गाणं न थांबता ‘कॅरी दॅट वेट’मध्ये शिरतं. इथे बेन फोल्ड्स ते मनापासून गातो आणि गाणं संपतं. पहिल्यांदा गाडीत लागलं तेव्हा मागच्या सीटवरून तिने पुढची ओळ जोरात सुरू केली, आणि स्पीकरमधून दुसरंच गाणं आलं. “बाबा, अर्धंच आहे हे,” ती म्हणाली. ते तसंच आहे.

आता राखून ठेवलेली चार. ‘टू ऑफ अस’ एमी मान आणि मायकेल पेन या नवरा-बायकोंनी गायलंय (मायकेल हा शॉनचा भाऊ). लेनन-मॅकार्टनी गातात तेव्हा वाटा फुटायला आलेले दोन मित्र ऐकू येतात, इथे एका घरात राहणारी दोन माणसं ऐकू येतात. लय तीच राहूनही अर्थ बदलला. ‘अ‍ॅक्रॉस द युनिव्हर्स’मध्ये रूफस वेनराइट ‘जय गुरुदेव’ असा लांबवतो की मी दर वेळी आवाज वाढवतो. व्हेडरचा खर्जातला खरखरीत आवाज ‘यू हॅव्ह गॉट टू हाइड युअर लव्ह अवे’ला आतून धरतो. आणि निक केव्हचं ‘लेट इट बी’. मॅकार्टनीच्या गाण्यात दिलासा मिळालेला असतो, केव्हच्या गाण्यात तो अजून मागणं चालू असतं. रात्री उशिरा घरी परतताना मी फक्त हेच लावतो.

चित्रपट आवडला असेल आणि सॅमची आठवण जवळ हवी असेल तर सीडी घ्या. बीटल्स अजून ऐकलेच नसतील तर इथून सुरुवात करू नका, आधी त्यांचे ‘रिव्हॉल्व्हर’ आणि ‘अ‍ॅबी रोड’ हे अल्बम ऐका. मुलीच्या हट्टामुळे गाडीत आता दोन सीडी असतात. बेन फोल्ड्सचं गाणं संपलं की मी गाडी कडेला घेतो, सीडी बदलतो आणि ‘कॅरी दॅट वेट’ लावतो. मागून ती गायला लागते.