बंदर कोणाच्या हाती: प्राधिकरण, न्यास की खासगी कंपनी?

बंदर विकायचं, भाड्याने द्यायचं की सार्वजनिकच ठेवायचं, असा प्रस्ताव आला की चर्चा लगेच कंटेनरच्या आकड्यांवर घसरते. बंदराशेजारी राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: ट्रकची रांग दारापर्यंत आली, तर कोणाला जाब विचारायचा?

आधी एक गैरसमज दूर करू. सार्वजनिक बंदर म्हणजे क्रेनवरचा माणूसही सरकारी, असं मोठ्या बंदरांत आता फारसं नसतं. प्राधिकरण बहुधा घरमालक असतं. जमीन आणि धक्के त्याचे, टर्मिनल चालवणारी कंपनी भाडेकरू. रॉटरडॅमचं तसंच आहे. २००४ मध्ये पालिकेच्या बंदर खात्याची कंपनी झाली, पण मालकी सार्वजनिकच राहिली. आज सुमारे ७० टक्के समभाग पालिकेकडे आणि उरलेले डच सरकारकडे आहेत, म्हणजे लाभांश पुन्हा सार्वजनिक तिजोरीतच जातो.

सिअ‍ॅटल याहून एक पाऊल पुढे आहे. तिथलं प्राधिकरण १९११ साली मतदारांनीच कौल देऊन उभं केलं. पाच आयुक्त आजही थेट निवडून येतात. विमानतळही याच संस्थेकडे आहे. मात्र तिला मालमत्ता कर लावता येतो, त्यामुळे ज्याने आयुष्यात जहाज पाहिलं नाही त्याच्याही खिशाला हात लागतो. बंदर आयुक्तांच्या निवडणुकीकडे किती मतदार मनापासून लक्ष देतात, ही शंका मला आहेच.

खासगी बाजूला फेलिक्सस्टो घ्या. ब्रिटनमधलं हे सर्वात मोठं कंटेनर बंदर हचिसन ही खासगी कंपनी चालवते. निर्णय झटपट होतात आणि गुंतवणूक फसली तर फटका कंपनीला बसतो, करदात्याला नाही. हा फायदा खरा आहे, तो नाकारू नये. गंमत म्हणजे जिथून जहाजं आत येतात तो मार्ग राखणं आणि वाटाड्या पायलट पुरवणं हे काम हार्विच हेवन ही न्यास स्वरूपाची वेगळी संस्था करते. म्हणजे सगळं खासगी तिथेही नाहीच.

न्यास बंदर हा मधला पर्याय. त्याला भागधारक नसतात, शिल्लक बंदरातच गुंतवली जाते. ब्रिटनमधलं डोव्हर असं बंदर आहे. ते विकण्याचा प्रस्ताव होता, गावकऱ्यांनी विरोधाची मोहीम चालवली आणि २०१२ मध्ये सरकारने तो फेटाळला. विश्वस्त निवडून येत नाहीत, ही त्यातली उणीव.

दीर्घ भाडेपट्टा मात्र दिसतो त्यापेक्षा जड पडतो. डार्विन बंदर २०१५ मध्ये चिनी मालकीच्या लँडब्रिजला ९९ वर्षांसाठी ५०.६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना दिलं. दहाच वर्षांत, २०२५ च्या निवडणुकीत, दोन्ही मोठ्या पक्षांनी ते परत घेण्याचं आश्वासन दिलं. पैसे एकदाच येतात आणि खर्चूनही होतात. करार मात्र तीन पिढ्या पुरतो.

तरी मालकी सार्वजनिक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. धक्क्याला लागलेलं जहाज शांत दिसतं, पण दिवे, पंप, शीतकंटेनर यांच्यासाठी आतले जनरेटर चालूच असतात, आणि तो धूर शेजारच्या वस्तीवर जातो. लॉस एंजेलिस बंदर शहराच्याच मालकीचं आहे. तिथल्या चायना शिपिंग टर्मिनलवरून रहिवासी आणि पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या. तडजोडीनंतर २००४ मध्ये त्याच टर्मिनलवर कंटेनर जहाजाला किनाऱ्यावरून वीज द्यायला सुरुवात झाली. जाड केबल जोडायची आणि जहाजाचे जनरेटर बंद करायचे. पुढे कळलं की कबूल केलेल्या उपायांपैकी बरेच पाळलेच गेले नव्हते. प्राधिकरणाने भाडेकरूला जाब विचारला नाही. पण अटी जाहीर होत्या, म्हणूनच ते उघडकीला आलं.

माझा कौल घरमालक प्राधिकरणाला आहे. मात्र मत देण्याआधी भाडेपट्ट्याचा मसुदा मागा. जहाजांना किनाऱ्यावरची वीज, ट्रकच्या वेळा, बंदरातून उपसलेला गाळ टाकण्याची जागा आणि अट मोडल्यास दंड, ही कलमं आहेत का ते पाहा. दंड वसूल कोण करणार, त्याचं नाव किंवा पद लिहिलेलं नसेल, तर मसुदा परत पाठवा.