यात्रेतला भजनाचा डबा रात्री दोन वाजता कामाचा आहे का?

महाशिवरात्रीला मुक्ताईनगरला यात्रा भरते. टाळ, तुळशीच्या माळा, पितळी समया यांच्या रांगेत हल्ली एक वस्तू हमखास दिसते, भजनाचा डबा, म्हणजे भजनं वाजवणारा बॅटरीवरचा छोटा स्पीकर. विटेपेक्षा थोडा लहान, पुढे जाळी, वर तीन बटणं, बाजूला मेमरी कार्डाची खाच, आणि खोक्यावर विठ्ठल, साईबाबा, महादेव एकाच फोटोत दाटीवाटीने उभे. दुकानदाराने साडेआठशे सांगितले, सातशेला दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि हे डबे थोड्याफार फरकाने सगळे सारखेच. दिवसा तो कसा वाजतो हे कोणीही सांगेल. मी सांगतोय ते रात्रीचं.

आधी गरज काय होती ते. माझी माय ऐंशीच्या पुढे आहे. आप्पा गेल्यापासून तिची झोप दीड-दोनला मोडते आणि पुन्हा लागत नाही. डॉक्टरांनी तपासलं, बीपी-शुगर ठीक निघाली, झोपेची गोळी दिली, ती गोळी रोज तुळशीच्या कुंडीत जात होती हे फार उशिरा कळलं. दुखत काही नाही. जीव घाबरा होतो म्हणते. मी म्हटलं, माय, नाम घेत जा. तर म्हणे, "घेते ना. पन शेजारती झाली का देव निजतो, काकड्याले उठतो. मधात मी एकलीच जागी."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंढरपूरला रात्री शेजारती करून देवाला निजवतात आणि पहाटे काकड आरतीने उठवतात, आपल्या गावच्या देवळांतही रीत तीच. आणि देवळाला कुलूप असतं नेमक्या त्याच वेळात म्हातारं माणूस, आजारी माणूस, कर्ज झालेला माणूस डोळे उघडे ठेवून पडलेला असतो. हा डबा घेतला तो या मधल्या वेळासाठी, आणि त्याचं मोजमापही मी तेवढ्यापुरतंच करणार आहे.

मोबाईल का नाही, असं भाच्याने विचारलं होतं. मोबाईलवर हरिपाठ लावा आणि बघा, दोन अभंगांच्या मध्ये एक माणूस ओरडून गृहकर्ज देऊ करतो. पडद्याचा उजेड डोळ्यात जातो ते वेगळंच. भिंतीच्या प्लगला लावायची मंत्राची डबी आमच्या देव्हाऱ्यात आधीपासून आहे, पण लाईट गेली की ती मुकी, आणि उन्हाळ्यात रात्रीची लाईट जाते तेव्हाच तर सगळं घर जागं असतं. शिवाय तिच्यात एकच मंत्र गोल फिरत राहतो. माय म्हणते, मोटर चालू राहून गेल्यासारखी वाटते.

तर डबा. पहिल्या रात्री मायने अंधारात बटण दाबलं आणि आतून एक बाई खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "पॉवर ऑन." मग, "ब्लूटूथ मोड." मग कार्ड सापडलं तसं, "टीएफ कार्ड मोड." माय उठून बसली, कोन आलं म्हणून. सून उठली, नातू उठला, बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. या बाईचा आवाज कमी करता येत नाही. गाणं कितीही बारीक ठेवा, ही बाई आपल्याच आवाजात बोलणार. बॅटरी उतरली की हीच बाई अभंगाच्या मधोमध "बॅटरी लो" म्हणते, आणि एकदा म्हणून थांबत नाही. बनवणाऱ्याने हे यंत्र रात्री दोनला कधी लावून पाहिलेलं नाही, हे तिथेच समजतं.

यावर उपाय आहे. रात्री नऊला सगळे जागे असतानाच डबा चालू करायचा, बाईला तिचं बोलून घेऊ द्यायचं आणि मग चालू-थांबाचं मधलं बटण दाबून नुसता थांबवून ठेवायचा. रात्री तेच बटण परत दाबलं की न बोलता सुरू होतो. बॅटरी थोडी खातो, पण सकाळपर्यंत पुरतो.

बटणांचं म्हणाल तर सगळ्यात मोठा दोष तिथे आहे. पुढचं गाणं आणि आवाज वाढवणं, दोन्ही एकाच बटणावर. टिचकी दिली तर गाणं बदलतं, दाबून धरलं तर आवाज वाढतो. पलीकडच्या बटणाने मागचं गाणं आणि आवाज कमी. माझ्या मायच्या बोटांना टिचकी आणि दाबून धरणं यातला फरक आता जमत नाही. आवाज कमी करायला जाते आणि हरिपाठ सुटून गणपतीची आरती लागते. शेवटी मी मधल्या बटणावर एम-सीलचा एक बारका गोळा बसवला आणि तिला सांगितलं, बोटाला गोळा लागला की तेवढंच दाबायचं, बाकीच्यांच्या वाटेला जायचं नाही.

आवाज सगळ्यात खाली आणला तरी निजानीज झालेल्या घरात तो मोठा वाटतो. जाळीवर जखमेला लावायची कापडी पट्टी दुहेरी चिकटवली, तेव्हा कुठे उशीजवळ ठेवण्याजोगा झाला. मग एप्रिल लागला, खोलीत कूलर आला, आणि त्या घरघरीत डबा ऐकूच येईना, तेव्हा एक पट्टी काढली. मे महिन्यात दुसरीही काढावी लागली. पुढे निळा दिवा सारखा लुकलुकतो, अंधाऱ्या खोलीत भिंत निळी होते. त्यावर घरच्यांनी पाकिटातली मोठी मरून टिकली काढून चिकटवली. आता डबा कुंकू लावून बसलेला असतो, माय तेवढ्यानेच खूश झाली.

कार्डात काय आहे? खोक्यावर "हजार भक्तिगीते" लिहिलेलं आहे, त्यातली कामाची फार थोडी. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २७ अभंग आहेत, पण मागे कीबोर्ड आणि आवाजाला इतका घुमारा की गुहेत बसून म्हटल्याचा भास होतो. चालही धावती आहे. आमच्याकडे हरिपाठ टाळावर, पावलीसकट म्हणतात, त्या संथ लयीची सवय झालेल्याला या धावण्याने झोप येण्याऐवजी दम लागतो. हरिपाठ संपला की सरळ डीजेवरचं देवीचं गाणं, धडाड धूम. भाच्याने कार्ड लॅपटॉपला लावून असली गाणी उडवली. ताटीचे अभंग ठेवायला मी मुद्दाम सांगितलं. ज्ञानदेव जगावर रुसून आत दार लावून बसलेले आणि धाकटी मुक्ताई बाहेरून त्यांची समजूत घालते, ते अभंग. आमच्या भागात मुक्ताई म्हणजे घरातलीच पोर. १२९७ साली वैशाख वद्य दशमीला विजेच्या कडकडाटात ती इथेच, तापीच्या काठी गुप्त झाली असं परंपरा सांगते, आणि ज्या यात्रेत मी हा डबा घेतला तीही तिच्याच दारची. मायला ते अभंग लागतात ते वेगळ्या कारणाने. म्हणते, आत बसेल माणसाशी बाहेरून कोनी बोलतं, तेवढंच पुरतं.

पण डबा खरा कामाला आला तो कंपनीच्या गाण्यांनी नाही. गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, पहारेकरी पाळीपाळीने ती गळ्यात घेऊन उभे राहतात. दिवसाच्या पाळीला माणसं भांडून पुढे येतात, रात्री दोन ते चारच्या पाळीला कोण उभा राहील याची वही घेऊन फिरावं लागतं. भाच्याने यंदा मंडपाच्या खांबाला मोबाईल बांधून एका रात्रीचा वीणा पहारा आणि त्यानंतरचा काकडा असं सगळं टेप केलं आणि कार्डात टाकलं. टेपिंग म्हणून अगदी रद्दी. मंडपाचं कापड फडफडतंय, कोणी तंबाखू मळून टाळी मारतंय, मधेच ट्रॅक्टर जातो, एका टाळकऱ्याचा ताल पहिल्यापासून चुकलेला आहे. मायला हेच हवं असतं. ती अंधारात पडल्या पडल्या ओळखते. हा खोकला अमक्याचा, तो दम लागेल आवाज तमक्याचा, याले घरी पाठवा रे, ताप आहे याले. देवाचं नाव घेत कोणीतरी जागं आहे, आणि तो माणूस आपल्या गल्लीतला आहे, एवढ्याने तिचा जीव खाली बसतो. त्याच त्या खोकल्यांवर तिला पुन्हा झोप लागते. आपण बंद करायला जावं तर लगेच डोळे उघडतात, "काहून बंद केलं?" डब्याला आपोआप थांबायची वेळ लावता येत नाही, म्हणजे तो तसाच पहाटेपर्यंत चालतो. पण आमच्या घरात या दोषाचा उपयोगच झाला.

आता शेतातलं. आमची केळी आहे, थोडी मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली, थोडी कांदेबाग म्हणजे पावसाळा सरता लावलेली. आमच्या फीडरला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. सरकारच्या सौर वाहिनी योजनेमुळे काही गावांना दिवसाची झाली म्हणतात, आमच्याकडे अजून रात्रीच्या आठवड्याला मळ्यात जावंच लागतं. स्टार्टरला ऑटो बसवलेला आहे, पण फ्यूज उडाला, फिल्टर तुंबला तर बघणार कोण? तेव्हा माय निजली की डबा पिशवीत घालून नेऊन पाहिला.

चालताना तो उपयोगाचा नाही. उलट धोक्याचा. रात्री केळीत कानच कामाला येतात. ठिबकची नळी फुटली तर सूं आवाज येतो, पाचटात काही सरकलं तर ते ऐकू यायला लागतं. हरिपाठ चालू ठेवून घोणसीवर पाय पडला तर माउली तरी काय करणार? सातपुड्याकडच्या मळ्यांत बिबट्याही फिरतो. जुनी माणसं मोठ्याने गात का जायची ते तिथे कळतं, पण त्यासाठी आपला गळा बरा. डब्याचा आवाज केळीच्या पानांत दोन ओळींपलीकडे जात नाही. रानडुकरांना तर हरिपाठाने काडीचा फरक पडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मोटर सुरू करून खोलीच्या ओट्यावर बसल्यावर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा भीती बिबट्याची नसते. बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव पडला की आमच्या रावेरला पडणारच. सोसायटीचा हप्ता मार्चमध्ये. पोरीच्या कॉलेजची फी. दिवसा याच गोष्टी कामाच्या असतात, रात्री एकला त्या मोठ्या होऊन समोर बसतात. अशा वेळी डबा लावला की पहिले काही अभंग बरं वाटतं. मग त्याची ती धावती चाल पुढे जाते, मी मागे राहतो, आणि मला डबा बंद करून स्वतःच्या चालीने म्हणावंसं वाटतं. अर्धा हरिपाठ पाठ आहे, उरलेला अडखळत. म्हणत बसलं की माणूस त्या हिशेबातून थोडा बाजूला होतो. कर्ज तेवढंच राहतं. पण आपण एकटे हिशेब करत बसलो नाही, ऐकणारा कोणीतरी तिथे होता, असं वाटतं खरं. शेजारचा मळेवाला एकदा बॅटरी मारत आला आणि हसला, काय हो, डब्यातला देव? म्हटलं, डबा बंद आहे, बैस. बसला. मग दोघं म्हणत बसलो, त्याची चाल माझ्यापेक्षा चांगली निघाली.

आषाढात एक गंमत झाली. वारीच्या दिवसांत पंढरपूरला देवाचा पलंग काढतात. शेजारती, काकडा सगळं थांबतं, विठ्ठल दिवसरात्र दर्शनाला उभा राहतो. पेपरात ती बातमी येते. मायने नातवाकडून ती वाचून घेतली आणि त्या रात्री डबा माझ्याकडे परत दिला. "पलंग निघेल आहे. देव उभाच आहे ना आता, मले काय करनं तुह्या डब्याचं?" आषाढी होऊन प्रक्षाळपूजा, म्हणजे देवाला पुन्हा निजायला मिळतं ती पूजा, होईपर्यंत डबा कपाटावर पडून होता. त्या दिवसांत ती जागी नसायची असं नाही, जागी असायची, पण कोणाला उठवलं नाही.

टिकाऊपणाचं. मेमध्ये मी डबा मोटरीच्या खोलीत पत्र्याखाली विसरलो आणि बॅटरी फुगली. यात अर्धा दोष आमच्या उन्हाचा. चांगली गोष्ट अशी की आत जुन्या बटणाच्या नोकिया फोनला लागायची तीच बीएल-५सी बॅटरी आहे, कोणत्याही मोबाईलवाल्याकडे मिळते, मागचं झाकण नखाने उघडतं. काही डब्यांत बॅटरी झाळून बसवलेली असते, ते घेऊ नका. चार्जिंगची पिन ढिली झाली आहे, वायर कोनात धरून रबर लावावं लागतं. दुकानदाराने सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी दिली होती, पण यात्रेतलं दुकान तंबूबरोबर उठतं, गॅरंटी कोणाला दाखवणार?

मायला पाच पैकी किती देशील विचारलं, तर तिने विचारलं, पाच काय? माझे तीन. दोन कापले ते त्या बोलणाऱ्या बाईसाठी आणि दुहेरी बटणासाठी. कार्डात स्वतःच्या गावचं काही टाकून घेणार असाल तर घ्या, नुसत्या हजार गाण्यांवर जाऊ नका. आणि घेताना यात्रेच्या गोंगाटात तपासू नका, तिथे सगळेच डबे गोड वाटतात. दुकानदाराला म्हणा, बंद करून चालू कर, आणि डबा कानाला लावून ती बाई किती ओरडते ते आधी ऐका.