बेचक्यातल्या चिखल्या आणि टी ट्री तेल : सात महिन्यांचा अनुभव

पंचवटीत आमची छोटी खाणावळ आहे. श्रावणात त्र्यंबकला जाणारी मंडळी उतरली की पहाटेपासून हात पाण्यातच. गेल्या जुलैत उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सुटायला लागली. खाली लालबुंद. लिंबू पिळलं की डोळ्यांत पाणी यायचं.

शेजारच्या काकूंनी लसूण ठेचून बांधायला सांगितलं. लसूण ठेचली की ॲलिसिन तयार होतं आणि ते बुरशीला मारतं, हे खोटं नाही. पण अर्ध्या तासात फोड आला, तो भरायला आठ दिवस गेले. सोललेल्या कातडीवर कच्ची लसूण कुणीही बांधू नका, कळकळीने सांगते.

मग रविवार कारंज्यावरून टी ट्री तेल आणलं. ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं हे तेल. त्यातला टर्पिनेन-४-ऑल हा घटक यीस्टच्या, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीच्या, पेशीचं आवरण बिघडवतो. नुसतं लावायचं नाही. मी चमचाभर, म्हणजे ५ मिली खोबरेलात ५ थेंब घालते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली. तीन आठवड्यांत खाज गेली, आंबूस वास गेला. कातडी मात्र सोमवारची गर्दी झाली की पुन्हा पांढरी.

सप्टेंबरात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. कातडी खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. कॅन्डिडा, म्हणजे यीस्टच. "आधी ती अंगठी काढा," बाई म्हणाल्या. लग्नातली अंगठी, वीस वर्षांत बोटातून निघाली नव्हती. साबण लावून ओढली तर खाली कणीक चिकटलेली आणि कातडी भिजून लिबलिबीत. क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा, चार आठवडे दिलं. साखर तपासायला लावली, तीही वाढलेली निघाली. रक्तातली साखर वाढली की यीस्टला फावतं, हे मला तेव्हा कळलं.

बरं वाटलं ते मलमाने. तेल मी सोडलं नाही. रात्री हात पुसून, पंख्याखाली सुकवून तेवढ्या बेचक्यात लावते. भांड्यांना रबरी हातमोजे, त्याच्या आत सुती. तेव्हापासून एकदाच, दिवाळीच्या फराळात, कातडी जरा पांढरी झाली. जास्त श्रेय मी हातमोज्यांना देईन.

पहिली बाटली खिडकीत ठेवायची. डिसेंबरात वास उग्र झाला आणि लावलं तिथेच खाजायला लागलं. उजेडाने, हवेने हे तेल बिघडतं आणि मग त्याचीच ॲलर्जी येते. नवी बाटली कपाटात, वरच्या फळीवर आहे, कारण पोटात गेलं तर ते विषारी आणि घरात लहान मूल आहे.

परवा धाकट्या जाऊबाईंनी हळूच विचारलं, अंगावरून पांढरं जातंय, खाजतंय, तुमचं तेल लावू का? मी बाटली दिली नाही. तिला बायकांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासणीत यीस्ट निघालंच नाही, वेगळाच संसर्ग होता, त्याच्या गोळ्या चालू आहेत.