अ‍ॅक्समचे आठ महिने आणि एक लाल पट्टी

पहाटे पावणेसहाला दूध संकलन केंद्रावरून फोन. "दादा, लाल पट्टी येतीया, नोंदी जाईनात." लॉग उघडला. आमच्या सर्व्हरने ४२२ ('मजकूर पटला नाही' सांगणारा एरर कोड) देऊन हात झटकलेले, कारण काय तर 'डेटा डिड नॉट मॅच एनी व्हेरियंट ऑफ अनटॅग्ड इनम'. म्हणजे काहीतरी जुळलं नाही. काय, ते तुमचं तुम्ही बघा.

रस्ट आणि अ‍ॅक्सम (रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा, दुसरं तिच्यात वेब सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क) घेतलं ते साडेचारशे रुपये महिन्याच्या सर्व्हरवर भागावं म्हणून. भागलं. ५१२ एमबीत आठ महिने कुरकुर नाही, त्यामुळे वेगाबद्दल लिहीत बसत नाही.

सुरुवातीला तर एररवरच खूश होतो. जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) मोडकं असेल तर ४००, कॉन्टेंट-टाइप, म्हणजे 'हे जेसन आहे' सांगणारं हेडर, विसरलात तर ४१५, टाइप चुकला तर ४२२, वर नेमका पत्ताही: नोंदी[४१].लिटर, स्ट्रिंग आली, आकडा हवा होता. फक्त हे सगळं साध्या टेक्स्टमध्ये येतं. आमचं अ‍ॅप ते जेसन समजून उघडायला जायचं आणि आपटायचं, म्हणून ती लाल पट्टी. हँडलरमध्ये, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये, नुसतं जेसन न घेता रिझल्ट (यश किंवा चूक) घेतला, रिजेक्शन, म्हणजे नकाराचं कारण, हातात आलं, जेसनमध्ये गुंडाळून पाठवलं. दहा मिनिटांचं काम.

घोडं अडलं ते अनटॅग्ड इनमपाशी, म्हणजे डेटा कुठल्या पर्यायाचा (व्हेरियंटचा) हे सांगणारी खूण नसलेल्या टाइपपाशी. मोजणी यंत्राची किंवा हाताने लिहिलेली, म्हणून मी दोन व्हेरियंट केले होते. सर्डी, म्हणजे जेसन उलगडून टाइपात बसवणारी रस्टची लायब्ररी, एकेक लावून बघतं, प्रत्येकाची खरी तक्रार फेकून देतं आणि शेवटी ते एक वाक्य तोंडावर मारतं. त्या पहाटे फॅटचा ४.२ अवतरणचिन्हांत आला होता, एवढंच! शोधायला पाऊण तास गेला, तोवर केंद्रावर कॅनची रांग.

मग व्हेरियंट कुठला ते सांगणारा 'प्रकार' नावाचा टॅग ऑब्जेक्टच्या आतच घातला. आता 'आकडा हवा' असं कळायला लागलं, पण पत्ता 'मोजणी'पाशीच थांबला. टॅग शोधायला सर्डी अख्खं ऑब्जेक्ट आधी बाजूला साठवतं, त्यात आतला रस्ता हरवतो. चूक फॅटमध्ये की एसएनएफमध्ये (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक)? देव जाणे. शेवटी टॅग आणि मजकूर अशी दोन वेगळी फील्डं केली, अ‍ॅपला टॅग आधी पाठवायला लावला, तेव्हा कुठे पत्ता फॅटपर्यंत पोचला.

इथे चार तारे देऊन थांबणार होतो. पण परवा एकाच यादीत पाच चुका निघाल्या आणि केंद्रावरच्या पोराने पाच वेळा पाठवलं, कारण सर्डी पहिल्या चुकीलाच परत फिरतं. पायथनच्या फास्टएपीआय फ्रेमवर्कमध्ये डेटा तपासणारं पायडॅन्टिक सगळ्या चुका एकदम देतं, आणि २०२३ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा गाभा रस्टमध्येच लिहिलेला आहे! म्हणजे हे रस्टला जमत नाही अशातला भाग नाही. मी आता नोंदी आधी कच्च्या व्हॅल्यू म्हणून घेतो आणि प्रत्येक वेगळी उलगडून चुका गोळा करतो. पत्त्यासाठी सर्डी-पाथ-टू-एरर ही जोड लायब्ररी हाताने लावावी लागते. सगळं मिळून वीसेक ओळी. तीन तारे.

तरी पोराचा पुन्हा फोन आलाच. एकेचाळिसावी नोंद तीनदा तपासली म्हणे, बरोबर आहे. चूक बेचाळिसाव्यात होती. पत्त्यातला इंडेक्स शून्यापासून मोजतो, पोरगा एकपासून. इंडेक्समध्ये आता एक मिळवतो.