अलार्मवर सही: डोंगल घ्यावा की आधार ई-साइन?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. चेंबरमध्ये तापमान मोजणारे पीटी-१०० सेन्सर, कॉम्प्रेसरवर दाब मोजणारा प्रेशर ट्रान्समीटर, सगळं गेटवेतून (रीडिंग गोळा करून पुढे पाठवणाऱ्या डब्यातून) सर्व्हरवर जातं. एवढं बसवून झालं की पुढचा प्रश्न येतो. अलार्म वाजला, ऑपरेटरनं कारण लिहिलं, त्यावर जबाबदार माणसाची सही कशी घ्यायची? यूएसबी डोंगलवरची (पेनड्राइव्हसारखं उपकरण, लावून पिन टाकला की सही होते) क्लास ३ डिजिटल सही, की ओटीपीवर होणारी आधार ई-साइन? आम्ही डोंगल दोन हंगाम वापरला, आता ई-साइन वापरतोय.

कायद्याच्या दृष्टीनं फरक नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली दोन्हींना मान्यता आहे, त्यामुळे त्यात फार वेळ घालवू नका.

आमच्या धंद्यात ही सही लागते ती वादाच्या वेळी. फेब्रुवारीपासून तासगाव, जत, कवठेमहांकाळकडून माल यायला लागतो आणि दर चढेपर्यंत आत राहतो. दिवाळीच्या तोंडावर पेटी फोडली आणि रंग उतरलेला दिसला, की एप्रिलमधल्या कुठल्या तरी रात्री चेंबर किती अंशावर होतं इथवर बोलणं जातं. नुसता ग्राफ दाखवला तर शेतकरी म्हणतो, "तुमच्याच कॉम्प्युटरातला ना?" त्याचं चूक नाही. रीडिंग, कारण आणि सही एकाच फाइलमध्ये बांधलेली असली, सहीनंतर आकडा बदलला तर ती सही तुटलेली दिसली, तरच त्याला धीर येतो.

डोंगलची चांगली बाजू आधी सांगतो. महिनाअखेरीला सगळ्या चेंबरचे रोजचे रिपोर्ट एका बैठकीत सही करून होतात. नेट मंद असलं तरी अडत नाही. ज्यांना फक्त असे रिपोर्ट सही करायचेत, त्यांनी डोंगलच घ्यावा असं मला वाटतं.

आमचं अडलं रात्रीच्या अलार्मवर. वळवाच्या पावसात लाइट जाते, डीजी (डिझेल जनरेटर) चालू होतो, पण कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बसतो. ऑपरेटर फोन करतो, मी विश्रामबागेतल्या घरून सांगतो, तो मशीन चालू करतो. डोंगल मात्र ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. सही व्हायची सकाळी दहा वाजता, आणि कागदावर दिसायचं की रात्रभर कोणी बघितलंच नाही. यावर तोडगा म्हणून मी डोंगल आणि पिन दोन्ही शिफ्ट सुपरवायझरकडे दिले. पुढे आषाढीला मी चार दिवस पंढरपूरला गेलो. परत येऊन बघतो तर त्या चार दिवसांतल्या तीन अलार्मवर माझी सही! पोरानं कारणं अगदी बरोबर लिहिली होती, त्याचा दोष काहीच नाही. पण "मी बघितलं" असं माझ्या नावानं लिहिलेलं होतं आणि ते खोटं होतं. शेतकऱ्यापुढे तो कागद ठेवायला मन धजेना. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

ई-साइनमध्ये ओटीपी ज्याच्या त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून सुपरवायझर स्वतःच्या नावानं सही करतो आणि मोठा अलार्म असेल तर मी घरून दुसरी सही करतो. सही देणाऱ्या संस्थेकडे फाइलचा फक्त हॅश (फाइलवरून काढलेला, ठशासारखा छोटा कोड) जातो, कोणाचा किती माल हे बाहेर जात नाही.

त्रास इथंही आहे. पफ पॅनेलच्या (चेंबरच्या थंडी राखणाऱ्या भिंतींच्या) आत रेंज मिळत नाही, ओटीपीसाठी बाहेर डॉकवर, म्हणजे गाड्या भरायच्या जागी, यावं लागतं. एका ऑपरेटरच्या आधारला जुना बंद नंबर होता, तो बदलेपर्यंत त्याचं काम दुसऱ्यानं केलं. शिवाय प्रत्येक सहीला पैसे पडतात. गाडी भरताना दार उघडं राहिलं की अलार्म येऊन सह्यांचा ढीग व्हायचा. अलार्मला दहा मिनिटांचा डिले लावला, तेव्हा तो आटोक्यात आला. तुमच्याकडे रात्रपाळीत आधारला चालू नंबर जोडलेली दोन माणसंही नसतील, तर आधी ते करा.

काहीही घेतलं तरी गेटवेचं घड्याळ तपासा. आमचं यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होतं, साडेपाच तास मागे. रीडिंग रात्री पावणेनऊचं आणि सही सव्वादोनची, असं दिसायचं.

डोंगल आता जीएसटीच्या कामापुरता ठेवलाय, माझ्या घरच्या कपाटात, आणि पिनही बदललाय.